हिवाळ्यातली नॉर्वेची बोट: आई-बाबांसोबत जाताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन नॉर्वेच्या किनाऱ्यानं बर्गन ते किर्केनेस आणि परत, अशी १२ दिवसांची बोट ठरवली आहे. बाबा ७१ वर्षांचे, मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात. आई ६६ वर्षांच्या, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पूर्ण शाकाहारी. उतरून करायच्या सहलींची यादी वाचून डोकं गरगरलंय. त्यातल्या कुठल्या घ्यायच्या, थंडी सोसेल का, आणि उरलेला वेळ बोटीवर करायचं काय?

मी गेली चौदा वर्षं मराठी गट घेऊन युरोपात जाते आणि या किनाऱ्यावर भर हिवाळ्यात नऊ फेऱ्या केल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगते.

पहिलं म्हणजे आई-बाबांसमोर 'क्रूझ' हा शब्द उच्चारू नका. त्यांच्या डोळ्यांसमोर जाहिरातीतली बोट येईल: कॅसिनो, नाचगाणी, मजल्यामजल्यांवर दुकानं. ही बोट म्हणजे एसटी आहे, पाण्यावरची. १८९३ साली रिचर्ड विथ नावाच्या कप्तानानं 'वेस्टरालेन' या आगबोटीनं ट्राँडहेम ते हामरफेस्ट अशी नियमित सेवा सुरू केली. तोवर हिवाळ्यात उत्तरेकडे पत्र पोचायला महिने लागायचे, आणि अंधारात या खडकाळ किनाऱ्यानं बोट चालवणं हा वेडेपणा समजत. तीच सेवा आज हुर्टिगरूटेन आणि २०२१ पासून हावीला या दोन कंपन्या चालवतात. जाताना ३४ थांबे. कुठे चार तास, कुठे पंधरा मिनिटं. बोटीत पर्यटक असतात, तसंच पुढच्या बंदरावर उतरणारं एखादं शाळेचं फुटबॉल पथक असतं, दवाखान्यातून घरी निघालेली आजी असते, आणि पोटात माल असतो. आपल्याकडे भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी-पणजीच्या बोटी सुटायच्या, बंदराबाहेर थांबून पडावातून माणसं उतरवायच्या, त्याच जातीची ही गोष्ट. फक्त इथे ती अजून चालू आहे. तुमच्या बाबांच्या पिढीला हे एका वाक्यात कळतं. माझ्या एका गटातल्या काकांनी तर तिसऱ्या दिवशी बोटीचं नावच 'मुक्कामी गाडी' ठेवलं होतं.

एसटी म्हटली की दुसरी गोष्ट ओघानं आलीच: ती थांबत नाही. हात दाखवलात तरी नाही. उतरण्याच्या दाराशी सुटायची वेळ लिहिलेली असते, उतरताना आणि चढताना कार्ड टेकवून 'टुंग' आवाज करायचा असतो, आणि वेळ झाली की फळी ओढली जाते. बोटीनंच आखलेल्या सहलीला उशीर झाला तर तुमची जबाबदारी त्यांच्यावर असते. स्वतःच्या स्वतः गावात हिंडायला गेलात आणि उशीर झाला, तर बोट गेली. ट्राँडहेमला आमच्या गटातलं एक जोडपं कॅथेड्रलजवळ फोटो काढत राहिलं. मी फळीवर उभी राहून फोनवर ओरडतेय आणि ते म्हणताहेत, "आलोच, दोन मिनिटं." संध्याकाळी त्यांना टॅक्सीनं रोरविकला आणून चढवलं. टॅक्सीचं बिल किती झालं ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हापासून माझा नियम आहे: सुटायच्या आधी अर्धा तास बोटीवर. आई-बाबांसोबत असताना पाऊण तास.

आता थंडी. सगळे थंडीला घाबरतात, आणि त्यांना पाडतो तो बर्फ. या किनाऱ्याला गरम समुद्रप्रवाहाचा आधार आहे, त्यामुळे आर्क्टिक वर्तुळाच्या वर असूनही समुद्र गोठत नाही. फेब्रुवारीत बर्गनला शून्याच्या वर तापमान आणि बहुधा पाऊस, ट्रॉम्सोला उणे चार-पाच, किर्केनेसला उणे दहा-बारा हे नेहमीचं. कधी किर्केनेस उणे पंचवीसलाही जातं. यातलं काहीही नीट कपडे घातलेल्या सत्तरीच्या माणसाला सोसतं. खरा त्रास वाऱ्याचा. उणे पाच अंश आणि ताशी पन्नास किलोमीटरचा वारा एकत्र आले की अंगाला ते उणे पंधरासारखं लागतं.

पण खरा शत्रू पायाखाली असतो. दिवसा थोडं वितळलेलं पाणी रात्री पुन्हा गोठतं आणि धक्क्यावर काचेसारखा थर होतो, वर चिमूटभर भुरभुरीत बर्फ पडला की तो दिसतही नाही. होनिंग्सवोगला, म्हणजे पार उत्तरेकडच्या एका बंदरावर, एक काका फळीवरून उतरून वीस पावलंही गेले नसतील. मनगट मोडलं. गंमत म्हणजे त्यांच्या अंगावर सगळ्या गटात भारी जाकीट होतं. पायात मात्र चालायला जायचे स्पोर्ट्‌स शूज.

म्हणून खरेदीची सुरुवात पायापासून करा. खोल खाचांचा, घोट्याच्या वर येणारा बूट, एक नंबर मोठा, म्हणजे आत लोकरी मोजा घालूनही बोटं हलतील. बोटं हलली नाहीत तर रक्त पोचत नाही आणि मग कितीही मोजे चढवा, पाय गारच. त्यावर ओढून चढवायचे रबरी पट्ट्यांचे खिळे मिळतात, तिकडे त्यांना ब्रॉडर म्हणतात. बर्गनला पोचल्या दिवशी प्रत्येकासाठी एक जोडी घ्या, तिथल्या खेळाच्या किंवा बुटांच्या कुठल्याही दुकानात असतात. मात्र दुकानात, चर्चमध्ये, बोटीच्या फळीवर पाय ठेवण्याआधी ते काढायचे. गुळगुळीत फरशीवर तेच खिळे स्केटिंगच्या चाकांसारखे सटकतात. आईंना वाकून ते काढता-घालता येणार नाहीत, ते काम तुमचं. आणि एक पुढे-मागे होणारी काठी घ्या, जिच्या टोकाला खिळा असतो.

कपड्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण यावर भरपूर माहिती मिळते. मला सांगायचं आहे ते एवढंच की आतला थर लोकरीचा हवा, सुती नको. सुती बनियन घाम पिऊन ओलं राहतं आणि मग तेच अंगाला गार करतं. आपली मंडळी केबिनमध्येच पाचही थर चढवून बसतात, दाराशी रांगेत वीस मिनिटं २२ अंशांत उभी राहतात, घामाघूम होतात आणि तशीच बाहेर जातात. बाहेरचं जाकीट आणि टोपी हातात ठेवा, दार उघडलं की घाला. जीन्स घरी ठेवा. माकडटोपी मात्र घेऊन जा. कुणी हसणार नाही, तिकडेही तीच घालतात, फक्त ती लोकरीची आणि दसपट महाग असते. आणि शेवटची चड्डी चढवण्याआधी सगळ्यांना बाथरूमला पाठवा. चार थर घातल्यावर आठवण झाली की काय होतं ते मी नऊ वेळा पाहिलंय.

आता सहली. यादीत वीस-बावीस असतील. तुमच्या घरासाठी मी तीन निवडीन, चौथी जमली तर. प्रत्येक बंदरावर काहीतरी घेतलं की पाचव्या दिवसापर्यंत आई-बाबा केबिनमध्ये पडून राहतात आणि सगळ्यात चांगलं ते तेव्हाच बाहेरून निघून जातं.

ट्रॉम्सोला जाताना बोट दुपारी लागते आणि चारेक तास थांबते. सगळ्यांना कुत्र्यांची घसरगाडी हवी असते. ती तुम्ही घ्या, आई नकोत. सांगते का. तुम्ही पोचता तेव्हा शंभरावर हस्की एकाच वेळी भुंकत असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. जोडलेली कुत्री पुढचे पाय हवेत उचलून दोर ताणत असतात, गाडी खुंटाला बांधलेली असते. तुम्ही रेनडिअरच्या कातड्यावर पाय पुढे पसरून बसता. हाकणारा मागे उभा राहून दोर सोडतो आणि एका क्षणात सगळा आवाज बंद होतो. नुसता लाकडाच्या पट्ट्यांचा सर्र आवाज आणि कुत्र्यांचा श्वास. मला आजही त्या क्षणी काटा येतो. पण गाडीला स्प्रिंग नाहीत. प्रत्येक उंचवटा थेट कण्यात आणि गुडघ्यात बसतो, आणि उतरताना जमिनीच्या पातळीवरून उठावं लागतं. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला ते जमत नाही. आई-बाबांसाठी केबलवे आहे, ४२१ मीटरवरच्या स्टुरश्टाइननला चार मिनिटांत नेतो, वर उबदार कॅफे आहे, काचेतून सगळं बेटावरचं शहर खाली दिसतं. बाहेरच्या गच्चीवर वारा असेल तर हट्ट धरू नका.

ट्रॉम्सोचीच दुसरी गोष्ट परतीच्या वाटेवर. बोट मध्यरात्रीच्या सुमारास तिथे लागते आणि आर्क्टिक कॅथेड्रलमध्ये रात्री गाण्याचा कार्यक्रम असतो. १९६५ सालचं, बर्फाच्या कड्या एकामागे एक लावाव्यात तसं ते चर्च. अकराला झोपणारे लोक कुरकुर करतात. तुम्ही दुपारी झोपवून न्या. बस दारापर्यंत जाते, बसायला बाक, गुडघ्याला काही नाही, आणि पांढऱ्या काँक्रीटच्या त्या पोकळीत एकटा आवाज कसा फिरतो ते ऐकायला मिळतं.

नॉर्थ केप घ्या, पण कशासाठी ते आधी सांगते. 'युरोपचं उत्तर टोक' म्हणून नका जाऊ. शेजारचाच खडकाचा सुळका, क्निव्ह्स्क्येलोडन, समुद्रात सुमारे दीड किलोमीटर आणखी उत्तरेला जातो, आणि दोन्ही मुळात बेटावर आहेत, मुख्य भूमीवर नाहीतच. टोकापेक्षा वाट पाहण्यासारखी आहे. होनिंग्सवोगहून बस निघते, झाडं कधीच संपलेली असतात, आणि शेवटच्या टप्प्याआधी एका आडव्या दांड्यापाशी सगळ्या बस थांबतात. ठरलेल्या वेळी बर्फ उपसणारी गाडी येते, पिवळा दिवा फिरवत पुढे होते आणि तिच्यामागे एकामागोमाग सगळ्या. कधीकधी पुढच्या बसचे लाल दिवेही दिसत नाहीत. ड्रायव्हर मात्र एका हातानं कॉफी पीत असतो. वर ३०७ मीटरचा कडा, लोखंडी पृथ्वीगोल आणि आत गरम दालन. बाहेर पाच मिनिटं, आत अर्धा तास, असं करा. वादळ असलं तर रस्ता बंद होतो आणि सहल रद्द होते. तसं झालं तर हळहळू नका, त्या दिवशी बोटीच्या काचेतून जो समुद्र दिसतो तो कुठलीही सहल दाखवत नाही.

किर्केनेसला बोट साडेतीन तास असते. तिथलं बर्फाचं हॉटेल सोपं आहे: आत उणे चार, बाहेरपेक्षा उबदारच वाटतं, वाट सपाट. राजखेकड्याची सहल तुमच्या घराला उपयोगाची नाही, आई नुसत्या बघत बसतील. बाबांना इतिहासाची आवड असेल तर त्यांना सांगा की हा खेकडा मूळचा इथला नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात तो पॅसिफिकमधून आणून बॅरेंट्स समुद्रात सोडला आणि तो सीमा ओलांडून नॉर्वेत आला. किर्केनेस रशियाच्या सीमेलगत आहे, म्हणून गावातल्या रस्त्यांच्या पाट्या नॉर्वेजियन आणि रशियन अशा दोन्ही भाषांत दिसतील. दुसऱ्या महायुद्धात हे गाव बॉम्बवर्षावात जवळजवळ पुसलं गेलं होतं, ऑक्टोबर १९४४ मध्ये लाल सैन्यानं ते मोकळं केलं.

बाकी बंदरांवर पैसे खर्च करू नका. उतरा, शंभर पावलं चाला, परत या. तिथे बहुतेक सगळीकडे कार्डच चालतं, रोख बदलून नेण्याचीही गरज नाही.

मग बोटीवर करायचं काय? माझं मत विचाराल तर तीच खरी सहल आहे. वरच्या मजल्यावर पुढच्या बाजूला काचेचं दालन असतं, सकाळी साडेसातला जाऊन खुर्ची पकडा. फेब्रुवारीच्या मध्यात ट्रॉम्सोच्या आसपास सात-साडेसात तास उजेड असतो, पण तो आपल्यासारखा डोक्यावर येत नाही. सूर्य क्षितिजाला घासत जातो, दोन तास सकाळचाच रंग, मग लगेच संध्याकाळचा. चौथ्या दिवशी सकाळी बोट आर्क्टिक वर्तुळ ओलांडते, छोट्या खडकावर पृथ्वीगोलाची खूण दिसते, आणि मग डेकवर ज्याला हौस असेल त्याच्या मानेत डावभर बर्फाचं पाणी ओततात. बाबा तयार होतील. परतताना त्याच वर्तुळावर चमचाभर कॉडच्या यकृताचं तेल पाजतात, ते आईंना चालणार नाही.

लोफोटेन बेटांवर लाकडी मांडवांवर कॉड मासे जोडीजोडीनं लटकवायला सुरुवात झालेली दिसेल. वर्सोव्याला बोंबील वलांडीवर टाकतात अगदी तसंच, फक्त इथे ऊन नाही, मीठही नाही. गार वारा एकटा काम करतो. वास मात्र ओळखीचा.

आणि एकदा तरी रात्री दोनला उठून छोट्या बंदरावर माल उतरताना पाहा. बोट लागते, पिवळ्या कोटातला एकच माणूस धक्क्यावर दोर पकडतो, बाजूचं दार उघडतं, फोर्कलिफ्ट आत-बाहेर करते: सोफा, टायर, दुधाचे क्रेट, एखादं वॉशिंग मशीन. वीस मिनिटांत दार बंद. तो माणूस गाडीत बसून घरी जातो आणि बंदरावर एक दिवा उरतो. माझ्या गटातल्या एका निवृत्त स्टेशनमास्तरांनी अकरापैकी नऊ रात्री हेच केलं.

केबिन निवडताना लक्षात ठेवा: मधली, खालच्या मजल्यांपैकी एखादी, खिडकीची. पुढच्या टोकाची नको. प्रत्येक बंदराला बोट वळवणारे पंखे तिथेच असतात, आणि रात्रीतून चारदा मिक्सर सुरू झाल्यासारखं वाटतं. मध्यभागी हेलकावेही कमी. बहुतेक वाट बेटांच्या आडोशानं जाते, पण स्टाड, हुस्टाडविका, बोडोहून लोफोटेनला जातानाचा चार तासांचा वेस्टफ्योर्ड आणि होनिंग्सवोगच्या पुढचा बॅरेंट्स समुद्र उघडा आहे. तिथे बोट लागून मळमळू शकतं. आईंच्या डॉक्टरांकडून गोळी लिहून घ्या आणि ती उघड्या समुद्रात शिरण्याच्या तासभर आधी द्या, उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. सोबत आलेपाक. उपाशी ठेवू नका, क्षितिजाकडे बघायला लावा, फोन काढून घ्या.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहार आधी कळवला की मिळतो, पण बटाटा, बीट, कोबी, मशरूम यांच्याभोवती फिरतो. न्याहारी भरपूर असते. त्यात तपकिरी चीज आईंना नक्की खायला लावा. चीज करताना उरणारं निवळ पाणी आटवून करतात, चव थेट दुधाच्या पातेल्याच्या खरवडीची. घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, खाकरे न्या. दुधाचे पदार्थ, म्हणजे पेढे, बर्फी वगैरे, नॉर्वेत नेता येत नाहीत. आणि केबिनमध्ये कॉइल किंवा छोटा कुकर लावण्याचा विचार मनातून काढून टाका. बोटीवर आगीइतकी कशाचीच भीती नसते.

बाबांच्या इन्सुलिनबद्दल नीट वाचा. इन्सुलिन एकदा गोठलं की वितळल्यावरही निकामी होतं. सहलीला जाताना ते पाठीवरच्या पिशवीत किंवा बाहेरच्या खिशात नको, सदऱ्याच्या आतल्या खिशात अंगाला लागून हवं. साखर मोजायचं यंत्रही फार गारठ्यात चालत नाही किंवा चुकीचे आकडे दाखवतं, तेही आत. खिशात गोड काहीतरी, कारण बर्फात चालण्यानं साखर अंदाजापेक्षा लवकर उतरते. औषधांचा पूर्ण साठा दोन वेगवेगळ्या हातातल्या बॅगांत. किनाऱ्याच्या या बोटींवर डॉक्टर नसतो, गरज पडली तर पुढच्या बंदरावर उतरवतात. विमा घेताना जुने आजार लिहून घ्या.

उत्तरप्रकाशाचं, म्हणजे नॉर्दर्न लाइट्सचं, कुणी वचन देत असेल तर कानाडोळा करा. आकाश निरभ्र पाहिजे आणि किनाऱ्यावर ढग जास्त. दिसला की केबिनमध्ये घोषणा होते. त्यासाठी बूट, जाकीट, टोपी दाराशी काढून ठेवा, तो दहा मिनिटांत संपू शकतो. डेकवर दिव्यांपासून लांब, अंधारात पंधरा मिनिटं डोळे मुरू द्या. पहिल्यांदा तो हिरवा दिसणारच नाही, ढगाचा फिकट पट्टा वाटेल. फोनचा कॅमेरा त्याला हिरवा दाखवेल आणि आई म्हणतील, "हे खोटं आहे." मग तो हलायला लागला की त्या काही बोलणार नाहीत. फोन आत आणण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि तासभर तसाच राहू द्या, नाहीतर आतल्या उबेत त्याच्यावर पाणी जमतं.

आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन किती महिने झाले आणि जिना रेलिंग न धरता उतरता येतो का, एवढं कळवा. नॉर्थ केपला बसच्या पायऱ्या उंच आणि बर्फाळ असतात. उतरता येत नसेल तर ती सहल तुम्ही आणि बाबा करा, आईंसाठी त्या वेळेला होनिंग्सवोगमध्ये काय करता येईल ते सांगते.